ठाय, पद आणि पकड : भाषेतील व संगीतातील पदबंधाच्या संज्ञांचा इतिहास

वाक्याहून लहान, परंतु एकट्या शब्दाहून मोठा असा जो भाषेतील घटक, त्यास 'पदबंध' ही संज्ञा मराठी व्याकरणात आता स्थिर झाली आहे. गाण्यातही तशाच प्रकारचा एक घटक कानास जाणवतो. चार-सहा स्वर एका दमात येतात, कोठे तरी विसावतात, आणि तेवढ्यावरून जाणता श्रोता रागाचे नाव घेतो. ह्या घटकास मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. 'स्वरसमूह' म्हटले तर नुसती मोजदाद होते. विसाव्याची कल्पना त्यात येत नाही. 'स्वरवाक्य' हा शब्द आकर्षक आहे, पण तो उच्चारताच गाणे म्हणजे एक प्रकारचे बोलणेच, असे गृहीत धरल्यासारखे होते. गवई आणि त्यांचे श्रोते ह्या दोन्ही शब्दांच्या वाटेस फारसे जात नाहीत. ते 'पकड', 'चलन', 'अंग', 'जागा' असे शब्द योजतात. संज्ञांची ही गर्दी केवळ अव्यवस्थेमुळे झालेली नाही. तिच्यामागे सुमारे दोन सहस्र वर्षांचा इतिहास आहे, आणि तो तपासून पाहिल्यास एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. भारतीय शास्त्रकारांनी भाषेचा 'पद' हा शब्द संगीतात घेतला खरा, परंतु तो गीतातील शब्दांसाठी घेतला. स्वरांच्या पदबंधास त्यांनी वेगळी नावे दिली आणि त्यांपैकी बहुतेकांचा अर्थ 'म्हणणे' असा नसून 'ठेवणे', 'थांबणे', 'ठिकाण' असा आहे.

युरोपातील घडामोड नेमकी उलट आहे. तेथील 'फ्रेज' हा शब्द 'सांगणे, दर्शविणे' ह्या अर्थाच्या ग्रीक धातूपासून निघाला आणि वक्तृत्वशास्त्रातून संगीतात गेला. अठराव्या शतकात जर्मन शास्त्रकार हाइनरिख क्रिस्टोफ कॉख याने १७८२ ते १७९३ ह्या काळात प्रसिद्ध केलेल्या रचनाशास्त्रावरील ग्रंथात स्वरावलीच्या खंडांची तुलना वाक्याच्या उद्देश्य-विधेयांशी आणि तिच्यातील विरामांची तुलना विरामचिन्हांशी केली. त्या परंपरेत हे उसने घेणे सोयीचेच ठरले. मराठीत 'स्वरवाक्य' हा शब्द वापरताना ही सारी विचारसरणी नकळत सोबत येते, एवढे येथे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

'पद' ह्या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. पाणिनीच्या मते नामविभक्तीचा किंवा क्रियापदाचा प्रत्यय ज्याच्या अंती आहे ते पद. म्हणजे पद हा वाक्यात वापरण्यास सिद्ध झालेला शब्द होय. भरताच्या नाट्यशास्त्रात गांधर्वाची स्वर, ताल आणि पद अशी तीन अंगे सांगितली आहेत. तेथे पदाची व्याप्ती एकदम वाढते. ध्रुवांच्या प्रकरणात तर जे काही अक्षरांनी बनलेले असेल ते सर्व पद, अशी मोकळी व्याख्या येते आणि त्याचे निबद्ध व अनिबद्ध असे भेद केले जातात. वैयाकरणाच्या दृष्टीने हा शैथिल्याचा प्रकार वाटेल. पण त्यामागे गायकाचा अनुभव आहे. गाताना अक्षर हे प्रथम ताल धरण्याचे आणि स्वर वाहून नेण्याचे साधन असते; त्यास प्रत्यय लागला आहे की नाही, हे तेथे गौण ठरते. निर्गीतात तर अर्थहीन शुष्काक्षरांनीच काम भागत असे, आणि आजच्या तराण्यासही अर्थाची गरज पडत नाही. पुढे मराठीत ह्याच शब्दाचा आणखी विस्तार होऊन 'पद' म्हणजे संपूर्ण गीत असा अर्थ रूढ झाला. कीर्तनकाराचे पद आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून रंगभूमीवर आलेले नाट्यपद ही त्याची उदाहरणे होत. प्रत्ययान्त शब्द, कोणतीही अक्षररचना आणि सबंध गाणे असा ह्या शब्दाचा प्रवास झाला. परंतु ह्यांपैकी कोणत्याही टप्प्यावर पद म्हणजे स्वरांचा तुकडा असा अर्थ झाला नाही. भाषेकडून आलेला हा शब्द संगीतात राहूनही भाषेच्याच बाजूस राहिला.

मग स्वरांचे तुकडे शास्त्रकार कसे ओळखीत? त्यांच्या शेवटावरून. जातींची जी दहा लक्षणे नाट्यशास्त्रात येतात त्यांत न्यास आणि अपन्यास ही दोन आहेत. न्यास म्हणजे 'खाली ठेवणे'. ज्या स्वरावर गीत संपते तो न्यासस्वर. गीताच्या पोटविभागास 'विदारी' म्हणत; हा शब्द फाडण्याच्या, विभागण्याच्या अर्थाच्या धातूपासून आला आहे. अशा पोटविभागाच्या शेवटचा स्वर तो अपन्यास. पुढे ह्या जोडीस संन्यास आणि विन्यास ह्या संज्ञा येऊन मिळाल्या. त्यांतील विन्यासाचे लक्षण भाषाभ्यासकाने विशेष लक्ष देऊन पाहण्याजोगे आहे. विदारीचा भाग असलेले जे पद, त्याच्या अखेरीस जो स्वर उभा राहतो तो विन्यास, असे शार्ङ्गदेव सांगतो. म्हणजे शब्दांच्या सीमेवर स्वरांची सीमाही येते, हे शास्त्रकारांस पुरते ठाऊक होते. तरीही त्यांनी त्या संपूर्ण स्वरखंडास नाव दिले नाही. नाव दिले ते त्याच्या थांब्यास. दोन थांब्यांमधील अंतर म्हणजेच खंड, ही त्यांची रीत होती.

ह्या खंडाला स्वतंत्र नाव देऊन त्याचा सविस्तर विचार केलेला दिसतो तो देवगिरीस. काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातील शार्ङ्गदेव हा तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात यादव राजा सिंघण याच्या पदरी होता. राज्याच्या हिशेबाचा अधिकारी असलेल्या ह्या पंडिताने 'संगीतरत्नाकर' रचला. सात अध्यायांच्या त्या ग्रंथातील तिसरा, म्हणजे प्रकीर्णकाध्याय, वाचताना हिशेबनिसाचा हात ओळखू येतो. रागाचा अवयव तो 'स्थाय', अशी थोडक्यात व्याख्या करून तो स्थायांचे एकूण ९६ प्रकार नोंदवितो. संख्येपेक्षा त्यांची नावे अधिक बोलकी आहेत. मोती घरंगळावा तसा स्वर जेथे घरंगळतो तो 'ढाला'चा स्थाय. कोमलपणे स्वर लवविणारी ती 'लवनी'. चढता-उतरता कंप पावत वाहणारी ती 'वहनी'. वहनीचे पोटभेद करताना स्वर आत बुडत असल्यासारखे वाटणे आणि बाहेर उमलत असल्यासारखे वाटणे असाही भेद तो करतो. ही नावे पाणिनीय घडणीची नाहीत. ती गायकवादकांच्या तोंडची देशी नावे आहेत आणि शास्त्रकाराने ती बहुधा जशीच्या तशी उचलली आहेत. (लवनी ह्या शब्दावरून महाराष्ट्रातील लावणीचे मूळ शोधण्याचा मोह होण्यासारखा आहे; परंतु ध्वनिसाम्यापलीकडे त्यास आधार नाही.)

ह्याच यादीत 'शब्दा'चे स्थाय म्हणून एक प्रकार आहे. आधीच्या स्थायाने ध्वनी जेथे सोडला तेथूनच पुढचा स्थाय तो उचलून घेतो, असे त्याचे स्वरूप दिसते. पदबंध एकमेकांस कसे जोडले जातात, ह्याचा विचार ह्यात आहे. त्याहूनही महत्त्वाचा 'छाये'चा स्थाय होय. छाया म्हणजे काकु, असे सांगून शार्ङ्गदेव तिचे स्वरकाकु, रागकाकु, अन्यरागकाकु, देशकाकु, क्षेत्रकाकु आणि यंत्रकाकु असे सहा भेद करतो. काकु हा मूळचा भाषणाचा विषय आहे. नाट्यशास्त्रात पाठ्याच्या संदर्भात तिचा विचार येतो. अर्थ अपुरा ठेवून पुढचे ऐकण्याची अपेक्षा निर्माण करणारी ती साकांक्ष काकु, आणि अर्थ पुरा करणारी ती निराकांक्ष. आधुनिक ध्वनिशास्त्र ज्यास बोलण्याचा सूर म्हणते त्याचेच हे प्राचीन निरूपण होय. तेव्हा भारतीय संगीतशास्त्राने भाषेकडून काहीच घेतले नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्याने पद घेतले आणि काकुही घेतली. घेतली नाही ती वाक्यरचना. रागास उद्देश्य-विधेये असतात, असे सुचविण्याचे त्यास कारण पडले नाही. एका रागावर दुसऱ्याची छटा पडते, प्रांताप्रमाणे, गळ्याप्रमाणे, वाद्याप्रमाणे त्याचा सूर पालटतो, हे सांगण्यास मात्र काकु हाच शब्द योग्य होता. एखाद्याच्या बोलण्यावरून तो कोणत्या गावचा हे कळावे, तसाच हा प्रकार आहे.

स्थायांचा उपयोग कसा होई, हे आलप्तीच्या वर्णनावरून कळते. रागालप्तीत लहान लहान स्थाय घेत चार स्वस्थानांतून राग क्रमाने प्रकट करावयाचा असतो. रूपकालप्ती ही बांधलेल्या गीताच्या आधाराने होते आणि तिच्यातील 'भंजनी' ह्या प्रकाराची 'स्थायभंजनी' व 'रूपकभंजनी' अशी दोन रूपे दिली आहेत. गीतातील पद तेच, त्याचे कालमान तेच, आणि त्यावर स्वरांचे स्थाय मात्र निरनिराळे, असे ह्या भंजनीचे तत्त्व आहे. आजच्या ख्यालगायकास हे वर्णन वाचून दाखविले तर तो त्यात बोलआलापाची रीत ओळखील आणि ठुमरीगायक बोलबनावाची. येथे भाषेचा पदबंध आणि संगीताचा पदबंध समोरासमोर उभे राहतात. शब्दांचा एक तुकडा स्थिर ठेवायचा व त्यावरून स्वरांचे अनेक तुकडे न्यायचे, ह्या क्रियेत दोहोंचे वेगळेपण सिद्ध होते. ते एकरूप असते तर एकास न हलविता दुसरा पालटणे शक्यच झाले नसते.

ह्याच्या उलट टोकास ओवी आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे ११३१च्या सुमारास, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख सापडतो. उखळाचा किंवा जात्याचा फेरा, चालीचा तुकडा आणि शब्दांचा पदबंध हे तिन्ही ओवीत बहुधा एकाच ठिकाणी संपतात. दम टाकण्याची जागा तीच आणि अर्थाचा विरामही तोच. श्रमगीतांत भाषा आणि स्वर ह्यांच्या सीमा अशा जुळून असतात. त्या एकमेकांपासून सुट्या होणे हा दरबारी आणि मैफिली गायकीचा विशेष होय. तेथे ख्यालाचा मुखडा समेवर यावयाचा असतो. त्यापायी एखादा सामासिक शब्द मध्येच तुटला तरी श्रोत्यांची तक्रार नसते. मराठी रंगभूमीवर मात्र ती येई. नाट्यपद हे संवादाच्या ओघात येणारे असल्याने शब्द कळलेच पाहिजेत, अशी प्रेक्षकांची अपेक्षा असे. १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकास भास्करबुवा बखले यांनी ज्या चाली दिल्या त्यांत रागदारीचे स्वरखंड मराठी पदबंधांवर बसविण्याचे काम पुन्हा नव्याने करावे लागले. त्या चालींचा ह्या दृष्टीने तपशीलवार अभ्यास व्हावयास हवा.

यादवांचे राज्य गेले तरी स्थायाची कथा संपली नाही. ती दक्षिणेकडे सरकली. सतराव्या शतकात तंजावरास वेंकटमखीने 'चतुर्दंडिप्रकाशिका' लिहिली. संगीताचे चार दंड म्हणजे आलाप, ठाय, गीत आणि प्रबंध. स्थायाचे येथे 'ठाय' हे प्राकृत रूप झाले आहे आणि त्याचा अर्थही पालटला आहे. आता ठाय म्हणजे रागाचा कोणताही अवयव नव्हे. रागातील एखादा स्वर स्थायी मानून त्याच्याभोवती ताना बांधीत जाण्याचा तो एक ठरीव प्रकार बनला. ह्यानंतर तंजावरच्या भोसले राजांनी जे काम केले त्याची दखल महाराष्ट्रात फारशी घेतली गेली नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचे पुत्र शहाजी (राज्यकाल १६८४ ते १७१२) यांच्या नावावर 'रागलक्षणमु' हा ग्रंथ आहे. त्यांचे धाकटे बंधू तुळजा (१७२८ ते १७३६) यांच्या नावावर 'संगीतसारामृत' आहे. दोन्ही ग्रंथांची पद्धती एकच. रागाचा मेल सांगायचा, वर्ज्यावर्ज्य स्वर सांगायचे आणि मग चढताना स्वर असे येतात, उतरताना असे, ह्यास प्रमाण म्हणून आलापातून, ठायांतून, गीतांतून, प्रबंधांतून व सूळादींतून प्रत्यक्ष स्वरखंड उद्धृत करायचे. त्यास ते 'प्रयोग' म्हणतात.

ह्या पद्धतीचे महत्त्व भाषाशास्त्राच्या अभ्यासकास समजावून सांगण्याची गरज नाही. नियम सांगून थांबणे वेगळे आणि रूढ वापरातील उदाहरणे गोळा करून त्यांवरून नियम दाखविणे वेगळे. कोशकार ज्याप्रमाणे शब्दाच्या अर्थास ग्रंथांतरीचे अवतरण जोडतो, त्याप्रमाणे ह्या राजांनी रागाच्या लक्षणास स्वरपदबंधांची अवतरणे जोडली. 'प्रयोग' हा शब्दही सूचक आहे. व्याकरणात त्याचा अर्थ 'वापर' असाच आहे. केवळ आरोहावरोहाने राग सांगता येत नाही, हे त्यांस उमगले होते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ह्या परंपरेतील हस्तलिखिते जतन झाली आहेत. 'चतुर्दंडिप्रकाशिका' व 'संगीतसारामृत' हे ग्रंथ मद्रासच्या म्युझिक अकादमीने अनुक्रमे १९३४ व १९४२ मध्ये मुद्रित केले.

उत्तरेकडील संगीतास अशी सोय करून देण्याचा प्रयत्न विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनी केला. १९०४ साली त्यांनी दक्षिणेचा दौरा केला तेव्हा एट्टयापुरम् येथे सुब्बराम दीक्षितर यांची त्यांची भेट झाली. दीक्षितरांचा 'संगीतसंप्रदायप्रदर्शिनी' हा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी निघाला होता. पुढे १९१० साली भातखंड्यांचे संस्कृत 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' प्रसिद्ध झाले आणि त्याच सुमारास 'हिंदुस्थानी संगीतपद्धति' ह्या मराठी ग्रंथमालेस आरंभ झाला. गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून लिहिलेली ही माला मराठी गद्याच्या इतिहासातही स्थान मिळण्यास पात्र आहे. ते तिला मिळालेले नाही, ही गोष्ट वेगळी. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी जी 'क्रमिक पुस्तक मालिका' रचली तीत रागाच्या आरोहावरोहाबरोबर 'पकड' दिलेली असते. ज्या थोड्या स्वरांवरून राग पकडीत येतो ती पकड. हा शब्द विद्वानांचा नव्हे. तो हाताचा शब्द आहे. पुढील काळात तोच सर्वांत अधिक रुळला.

पकडीची आवश्यकता कोठे पडते, हे भूप आणि देशकार ह्या रागांवरून चांगले कळते. दोहोंत सा रे ग प ध हेच पाच शुद्ध स्वर आहेत. केवळ स्वरांची यादी दिली तर एकापासून दुसरा वेगळा काढता येणार नाही. पण भूप गांधारावर विसावतो आणि 'प ग, ध प ग, रे सा' अशा वळणाने खाली येतो. देशकार धैवत धरून 'ध, प, ग प ध, प' असा वरच्या अंगात फिरतो. मारवा, पूरिया आणि सोहनी ह्यांचेही असेच आहे. भाषेत ध्वनी तेच, परंतु त्यांच्या क्रमाने व आघाताने शब्द बदलतो. हे साम्य वरवर पाहता पुरेसे वाटते, पण ते ताणून धरणे धोक्याचे आहे. भूपाच्या स्वरखंडाने भूप हा राग कळतो. त्याच्याखेरीज दुसरी कोणतीही वस्तू किंवा घटना कळत नाही. त्याचा नकार करता येत नाही, त्याचे प्रश्नार्थक रूप होत नाही, त्याचे भाषांतर संभवत नाही. सामान्य पदबंधाशी त्याची तुलना टिकत नाही, ती येथे.

एका विशिष्ट प्रकारच्या पदबंधाशी मात्र ती टिकते. मराठीत 'हात टेकणे' म्हणजे हताश होणे. हात आणि टेकणे ह्या दोन पदांचे अर्थ कितीही नीट जुळविले तरी हा अर्थ हाती येत नाही, आणि 'हात' ऐवजी 'कर' घातला की तो नाहीसा होतो. अशा पदबंधास आज 'वाक्प्रचार' म्हणतात. जुन्या पिढीचे मराठी लेखक त्यास 'संप्रदाय' किंवा 'वाक्संप्रदाय' म्हणत. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांच्या १९४२ ते १९४७ मध्ये निघालेल्या कोशाचे नाव 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' असेच आहे. अर्थ घटकांतून निघत नाही. तो परंपरेने हाती येतो, हे त्या नावात स्पष्ट झाले होते. गायनातही 'संप्रदाय' हाच शब्द गुरुपरंपरेसाठी चालतो, आणि दीक्षितरांनी तो आपल्या ग्रंथाच्या नावात घातला. रागाचा स्वरखंड ओळखला जातो तो स्वरांच्या बेरजेने नव्हे. क्रम उलटा केला, विसाव्याचा स्वर बदलला, किंवा मींडेच्या ठिकाणी सुटे स्वर लावले, की 'हात टेकणे'चे 'कर टेकणे' होते. 'वाक्संप्रदाया'ची जागा 'वाक्प्रचारा'ने घेतली, ह्यात मराठीचे थोडे नुकसानच झाले आहे. प्रचार हा आज सुरू होऊन उद्या थांबू शकतो. संप्रदाय कोणाकडून तरी घ्यावा लागतो.

ह्या दृष्टीने पाहिल्यास वर्गातील पकडीविषयी काही म्हणणे क्रमप्राप्त होते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत एका ओळीत लिहिलेली पकड ही कोशात एकाकी नोंदलेल्या वाक्संप्रदायासारखी असते. तिच्यावरून ओळख पटते, वापर कळत नाही. भातखंड्यांस हे माहीत होते. म्हणूनच क्रमिक पुस्तकांत पकडीच्या जोडीने रागांचे स्वरविस्तार आणि निरनिराळ्या घराण्यांतून मिळविलेल्या चिजा त्यांनी दिल्या. तुळजा राजांनी ठाय आणि गीते दिली ती ह्याच हेतूने. पण विस्तार पाठ करावयास वेळ लागतो आणि पकड एका दिवसात येते. परिणामी, जो शब्द शिकण्याची सुरुवात म्हणून योजला होता तो पुष्कळदा शिक्षणाचा शेवट ठरतो. रागाचे नाव सांगता येते आणि राग गाता येत नाही, अशी स्थिती त्यातून उद्भवते. भाषाशिक्षणात वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करवून घेतल्याने जे घडते त्याहून हे निराळे नाही.

मैफिलीत मात्र ह्या घटकासाठी मराठी श्रोत्याच्या तोंडी 'पकड' हा शब्द क्वचितच येतो. गवयाने एखादा स्वरखंड अनपेक्षित तऱ्हेने नेऊन नेमक्या स्वरावर टेकविला की तो म्हणतो, 'काय जागा घेतली!' जागा हा शब्द फारसीतून मराठीत आला. देवगिरीच्या स्थायाशी किंवा तंजावरच्या ठायाशी त्याचे व्युत्पत्तीने काहीच नाते नाही. 'ठायी ठायी', 'ठाय लय' असे ठायाच्या कुळातील शब्द मराठीत आजही वावरत आहेत. परंतु स्वरखंड ह्या अर्थाने ठाय मराठीतून गेला, आणि तो जेथून उठला होता तेथे त्याच अर्थाचा, परंतु वेगळ्या घराचा शब्द येऊन बसला.